सासूबाईंचं जिरेनियम

धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला निघताना सासूबाई थोरल्या जावयाला अंगणात घेऊन गेल्या. लेक-जावई त्यांच्याच घरात राहत. कुंपणालगतचा जांभळ्या फुलांचा वाफा दाखवून त्या म्हणाल्या, "जावईबापू, हे जिरेनियम मी लेकरासारखं वाढवलंय. जरा लक्ष असू द्या."

जावई दातांचे डॉक्टर. मूठभर झुडपांवर ते काय लक्ष ठेवायचं, असं वाटून त्यांनी ऐटीत मान डोलावली.

थंडी पडली तशी पानं आधी लाल झाली, मग तपकिरी, मग मातीला चिकटली. डॉक्टरांनी पाणी वाढवलं. मग खत ओतलं. वाफ्यात नुसता चिखल उरला.

"अहो, आईला फोन करून विचारा ना," बायको म्हणाली.

"काय विचारू? तुमचं झाड मारलं, आता पुढे काय करू?"

त्यांनी रोपवाटिकेतून दुसरं, लाल फुलांचं जिरेनियम आणून लावलं. कडाक्याच्या गारठ्यात तेही काळं पडलं. तेवढ्यात सासूबाईंचा निरोप आला, परवा येते. डॉक्टर धावत बाजारात गेले आणि जांभळी प्लास्टिकची फुलं आणून वाफ्यात खोचत सुटले.

"दात गेला की कवळी बसवतातच ना?" ते बायकोला म्हणाले.

सासूबाई आल्या त्या थेट वाफ्यापाशी. त्यांनी एक फूल धरलं, ते दांड्यासकट हातात आलं.

"आई, मेलं हो सगळं माझ्या हातून," डॉक्टर रडवेले झाले.

सासूबाईंनी बोटाने माती उकरली. खाली जाडजूड मुळं होती आणि त्यांवर मुगाएवढे हिरवे कोंब. "थंडीत हे असंच झोपतं. दातांचे डॉक्टर ना तुम्ही? मग मूळ बघायचं सुचलं नाही?"

डॉक्टर मटकन पायरीवर बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

इतक्यात कुंपणावरून शेजारीण डोकावली. "आलात मावशी? भर थंडीत काय फुललंय हो तुमचं जिरेनियम! आमच्या बागप्रेमी मंडळात सगळ्यांना सांगितलंय मी. रविवारी बघायला येणारेत."

डॉक्टरांचा चेहरा पुन्हा पडला. सासूबाईंनी हातातलं फूल पाठीमागे लपवलं.

"या ना, अवश्य या. जावयांच्या हातचं आहे. फक्त लांबूनच बघा हं, हात लावलेला सोसत नाही त्याला."

शेजारीण गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "जावईबापू, आणखी मिळतील का हो ही? डावीकडे जरा विरळ दिसतंय."