आठशे आठचा डावा खोका

डावीकडं म्हणजे डावीकडंच! आणि पुस्तकात उजवीकडं असेल तर त्या पुस्तकाला जाऊन समजवा, मला नाही! मॉडेलांच्या स्पर्धेचा परीक्षक झाला म्हणून काय झालं? खिशात फूटपट्टी घालून फिरतो, विमानाच्या पोटाखाली वाकून बघतो, आणि ‘सदोष’ लिहिलेली लाल चिठ्ठी चिकटवून चहाला निघून जातो? सदोष म्हणे! तुझ्या चष्म्यात दोष असेल!

नाही हो ताई, तुम्हाला नाही बोलत. तुम्ही ह्या टेबलावर बसून पाट्या लिहिता, तुमच्याशी माझं काय भांडण? पण तो इथं नाही, मग ओरडू कुणावर? तुम्हीच ऐका जरा. खाली जिन्यात माझी बायको तिच्या वडलांना वर आणतेय. माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. वय शहाऐंशी. एका डोळ्यानं काही दिसत नाही, दुसऱ्यानं समोर माणूस आहे का खांब आहे एवढंच कळतं. एका पायरीला एकदा दम घेतात आणि एक आठवण सांगतात. पायऱ्या बावीस. म्हणजे आपल्याकडं वेळ आहे. पण वर आले की ते विमान चाचपून बघणार, हाताला ही चिठ्ठी लागणार, आणि विचारणार, “जावईबापू, हा कागद कसला?” मी काय सांगू? तुमचं काम ह्या लोकांनी खोटं ठरवलं म्हणून?

सुरुवातीपासून सांगतो. मी वेल्डिंगवाला. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, नांगराचे फाळ. शाळा चौथीपर्यंत, त्यात तिसरी दोनदा. मॉडेल-बिडेल आपल्याला माहीत नव्हतं. मामा मात्र तरुणपणी लढाऊ विमानांच्या बोटीवर पत्रेवाले होते. ती बोट एवढी मोठी की तिच्या पाठीवर विमानं उतरायची. पंख मिटून आत ठेवायची, खुराड्यात कोंबड्या ठेवतात तशी. शेपटीखाली आकडा. तो आडव्या दोरात अडकला तर विमान थांबलं, नाही अडकला तर विमान समुद्रात. एकदा गरम समुद्रात इंजिनं तापायला लागली, तेव्हा मामांनी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून तीन विमानांच्या नाकाला एकेक खोका बसवला, आत वारा घ्यायला. असली विमानं जगात तीनच. त्यावरून मामांना बोटीवर ‘ठोक्या’ नाव पडलं. ही गोष्ट मी लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा ऐकली. नंतर सत्तावीस वर्षं रोज ऐकली.

डोळे जायला लागले तसे मामा एकदा म्हणाले, “तो खोका परत एकदा हाताला लागायला हवा होता.” आणि मी (तेव्हाच कुणीतरी माझी जीभ टाळूला वेल्ड करायला पाहिजे होती) बोलून गेलो, “त्यात काय मामा! हाताएवढं विमान करून देतो. रविवारी दुपारी होऊन जाईल.”

तो रविवार गेला. तसे पस्तीस रविवार गेले.

दुकानात गेलो. दुकानदारानं एक डबा पुढं केला. म्हणाला, “हे बहात्तरास एक आहे.”

मी म्हटलं, “बाकीची एकाहत्तर कुठं गेली?”

“अहो, ते प्रमाण आहे. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं.”

“भाग कशाला? मला अख्खं पाहिजे.”

त्या दिवसापासून मी दिसलो की तो आत जातो आणि बायकोला गल्ल्यावर पाठवतो.

डब्यावर लिहिलेलं, वय चौदाच्या पुढं. म्हटलं एक्कावन्न चालेल. उघडलं तर आत जमिनीवरचं विमान! आकडा नाही, पंख मिटत नाहीत, खोका तर लांबच राहिला. मग काय, आपल्या हातात कला आहे ना! लोखंड कापायची करवत घेतली आणि पंख कापले. (पहिल्या विमानाचे पंख मिटले ते कायमचेच.) दुसरं डिंकात बुडालं. तिसऱ्याला मी हाताच्या सवयीनं फाटकाची बिजागरी लावली. त्याचं वजन एवढं झालं की बायको ते कापड हलू नये म्हणून कापडावर ठेवायला लागली.

बायको शिवणकाम करते. घरात मोठं टेबल एकच, तिचं कपडे बेतायचं. अर्धं तिचं, अर्धं माझं असा तह झाला. दोन दिवस टिकला. चौथं विमान जरा विमानासारखं झालं तेव्हा रंगाची वेळ आली. बोटीवरचा राखाडी, तोही फवाऱ्याचा. टेबलावर तिच्या गिऱ्हाइकांचे कपडे, म्हणून मी शहाणपणा करून न्हाणीघरात गेलो, दार लावलं, विमान खुंटीला टांगलं आणि चारी बाजूंनी मारला फवारा. काय झकास झालं म्हणून सांगू! थोड्या वेळानं मामा आत जाऊन आले आणि बायकोकडं बघून हसले.

बायको अशी किंचाळली की शेजारीण तशीच पिठाच्या हातानं धावत आली.

मामांची कवळी आत फळीवर वाळत ठेवलेली होती. वरचे, खालचे, सगळे दात राखाडी.

“अहो, बाबांचे दात!”

“रंग सारखा बसलाय,” मी म्हटलं. (खरं तेच सांगितलं. पण वेळ चुकली.)

“दातांना रंग देतं का कुणी?”

“असू दे गं,” मामा म्हणाले. “बोटीवर रविवारी जे हलत नसेल त्याला रंग देऊन टाकायचे.”

एवढे मामा मनानं मोठे. दातांवर रागावले नाहीत. रागावले ते खोक्यावर.

खोका कुठल्या बाजूला, ह्यावर गाडं अडलं. मामा म्हणाले, “डाव्या अंगाला.”

“कुणाच्या डाव्या? बघणाऱ्याच्या का बसणाऱ्याच्या?”

“बसणाऱ्याच्या!”

“नक्की का?”

“तुमचं डोकं कुठल्या अंगाला आहे ते नक्की आहे का?”

मी पण हट्टाला पेटलो. वाचनालयात गेलो. (हसू नका. तिथल्या बाईही हसल्या.) अकरा पुस्तकांतली चित्रं बघितली. अकराव्यात फोटो! मामांच्याच विमानाचा, समोरून काढलेला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की ह्या विमानाचा एवढा एकच फोटो सापडलाय, ते बाईंनी वाचून दाखवलं. नाकावर इंग्रजीत आठशे आठ, मामा सांगायचे तोच नंबर. पुढं पाच माणसं उभी. आणि खोका ढळढळीत, बसणाऱ्याच्या उजव्या अंगाला!

मी पुस्तक काखेत मारून घरी आलो. “मामा, उजवीकडं आहे. छापलंय इथं.”

“मी ठोकलाय तो. ह्या हातांनी.”

“वय झालं मामा. विसरलात तुम्ही.”

हे बोलायला नको होतं. आता कळतं. मामा म्हणाले, “मग मी बोटीवर नव्हतोच म्हणा.” आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले.

एकोणीस दिवस, ताई. बोटीची गोष्ट बंद. पहिले दोन दिवस कानाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून घर खायला उठलं. जेवायला बसले की मामा म्हणायचे, “पोरी, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मीठ सरकव.” मी पण असा नालायक, म्हणायचो, “तुझ्या बापाला म्हणावं, मीठ उजवीकडं आहे. आठवतंय का, कुठली उजवी?” बायको मधे बसून दोघांना मीठ वाढायची, आणि माझ्या ताटात जरा जास्तच.

तेवढ्या रागात मी खोका उजवीकडं चिकटवून टाकला.

मग एक दिवस बायकोला टेबलावर सदरा कापायचा होता. पुस्तक तिथंच उघडं पडलेलं. ते उचलायला गेली आणि थबकली.

“अहो, ह्या लोकांचे सदरे कुणी शिवलेत?”

“मला काय माहीत! तू विमान बघ.”

“विमान तुम्ही बघा. पुरुषाच्या सदऱ्याला डावी पट्टी वर येते. इथं उजवी वर आहे. बायकांसारखी.”

“एखादा घाईत बायकोचा घालून आला असेल.”

“पाचही?”

“नौदलात तशी पद्धत असेल.”

भिंतीकडं तोंड करून मामा एवढंच म्हणाले, “नव्हती.”

बायकोनं पुस्तक उचललं आणि गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या मोठ्या आरशासमोर धरलं. आरशात पाचही माणसांची बटणं ठिकाणावर आली. आणि खोका डावीकडं! फोटो उलटा छापला होता, ताई! आणि आठशे आठ हा आकडा असला लबाड, इंग्रजीतला आठ, शून्य, आठ उलटा करा, सुलटा करा, आठशे आठच दिसतो. म्हणून पुस्तकवाल्यालाही कळलं नाही, मलाही नाही. (तो शिकलेला, मी चौथी. तेवढ्यापुरते दोघं एका बाकावर.)

“एकोणीस दिवस पुस्तक घरात आहे,” बायको म्हणाली, “एकदा तरी मला विचारलंत?”

मी मामांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो. माफी मागायची सवय नाही मला. फाटक वाकडं झालं तर कापतो आणि परत जोडतो, बोलत नाही. म्हटलं, “मामा, खोका उजवीकडून उपटलाय. पण तो प्लॅस्टिकचा होता, तुटला. पत्र्याचा ठोकायचा म्हणतो. मला जमणार नाही, माझी बोटं जाड आहेत.”

मामांनी खुर्ची फिरवली. म्हणाले, “तेलाचा डबा आणा.”

नखाएवढा पत्रा कापून दिला. बायकोच्या बोटात घालायच्या टोपणावर ठेवून मामांनी तो ठोकला, नुसत्या हाताच्या अंदाजानं. सगळी दुपार गेली. टक्, टक्, टक्. एकदाही बोटावर हातोडी बसली नाही. (मी नुसता पत्रा धरून होतो, तरी माझी दोन नखं काळी झाली.) म्हणजे हा जो खोका समोर बघताय ना, तो नकली नाही. तीन बोटीवरचे आणि हा चौथा. ठोकणारा तोच.

आणि त्याला तो चहाबाज सदोष म्हणतो! मी त्याला सगळं सांगितलं. सदरे, बटणं, आरसा. म्हणाला, “छापलेलं चुकीचं आणि तुमच्या बायकोची बटणं बरोबर?” मी म्हटलं, “हो!” जरा मोठ्यानं म्हटलं असेल. पलीकडच्या टेबलावरचं एक आगबोटीचं मॉडेल हादरून पडलं, ते मी पाडलं असं म्हणतात. मी हातही लावला नाही. पुस्तक हे इथंच आहे त्याच्या खुर्चीवर. तुमच्या पर्समध्ये आरसा असेल, काढा. हां, असा धरा. बघा बटणं. आता बघा खोका. दिसलं? तुमच्या तोंडावरच दिसतंय की दिसलं.

ऐका, काठी वाजतेय. विसावी पायरी असेल.

पाटीवर काय लिहायचं ते बायकोनं ह्या कागदावर दिलंय. पहिली ओळ, “खोका: ठोक्या, बोटीवरचा पत्रेवाला.” दुसरी ओळ, “संशोधन: त्याची मुलगी.” मी म्हटलं, आठ महिने, चार विमानं, दोन नखं, माझं नाव कुठंच नाही? तर मामा म्हणाले, “असं कसं, जावईबापूंचं नाव पाहिजेच. टेम्पो कुणी चालवला?” म्हणून ही तिसरी ओळ. “वाहतूक: जावई.”

आधी ती लाल चिठ्ठी काढा. मग लिहा.