हात जोडले आणि काठी बसली

मन शांत कसं करावं, हे कोणाला विचारायचं असेल तर मला विचारा. आमच्या गावात मनःशांतीसाठी माझ्याइतका मार कोणीही खाल्लेला नाही.

तोक्योला ऑलिंपिक झालं, त्यानंतरच्या सातव्या वर्षाची ही गोष्ट. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते आणि मांजूचं, म्हणजे पुरण भरून वाफवलेल्या गोड पावांचं, दुकान एकट्या माझ्या डोक्यावर होतं. म्हणायला नवरा होता. तोकुजी पहाटे उठून अझुकी नावाच्या लाल चवळीचं गोड पुरण शिजवायचे, मांजू भरायचे, वाफवायचे आणि मग उरलेल्या जगाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने चहा पीत बसायचे. गिऱ्हाइकं, टेलिफोन, खोकी, दोऱ्या, निरोप, सगळं माझ्याकडे. माझं मन म्हणजे वाफेच्या भांड्यावरचं झाकण, सदा थडथडणारं! केस विंचरताना मला पीठ आठवायचं आणि पीठ चाळताना कंगवा कुठे ठेवला ते. एकदा तर गिऱ्हाइकाला "या, या" म्हणत मीच दुकानाबाहेर निघून गेले होते.

तरीही दुकान चालत होतं. पण त्या शरद ऋतूत एकाच दिवशी दोन मोठी कामं आली. निवा घराण्यातल्या योने आजींना अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण होत होती. सोया सॉस गाळणारं ते गावातलं सगळ्यात जुनं घर, आणि माझ्या आजेसासऱ्यांपासून त्यांच्या प्रत्येक समारंभाचे मांजू आमच्याकडचेच. शुभकार्य, म्हणून लाल-पांढरे. त्याच दिवशी चटईवाल्या मोरितांकडे थोरल्या बाईंचं वर्षश्राद्ध होतं. त्यांना हिरवे-पांढरे. मी एका हाताने टेलिफोन धरला, दुसऱ्याने दोऱ्या बांधल्या आणि तिसरा हात असता तर खोक्यांवर नावांच्या चिठ्ठ्याही नीट लावल्या असत्या.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, धडधाकट, नवा किमोनो नेसून बसलेल्या योने आजींच्या पुढ्यात श्राद्धाचे मांजू उघडले गेले.

मोरितांकडे लाल-पांढरे पोचले. तिथल्या सुनेने मात्र चकार शब्द काढला नाही. उलट दोन दिवसांनी येऊन, सासूबाईंच्या श्राद्धाला मांजू फार समर्पक होते असं सांगून गेली.

निवांकडे मी तीनदा माफी मागायला गेले. तिन्ही वेळा त्यांच्या सूनबाईंनी दारातच अडवलं. आजींना भेटता येणार नाही आणि यापुढे मांजूही नकोत, इतकंच त्या म्हणाल्या आणि दार सरकवलं. तीन पिढ्यांचं घर माझ्या एका गाठीने तुटलं. माझी झोप उडाली. मी पुरणात साखर दोनदा घातली, मग घातलीच नाही. शेवटी तोकुजींनी पेला खाली ठेवला. ते पेला क्वचितच खाली ठेवत.

"फुसाए, देवळात जा. रविवारी सकाळी ध्यानाला बसतात. तासभर गप्प बस."

"आणि दुकान?"

"तू नसलीस तर निदान चिठ्ठ्या बरोबर लागतील."

रविवारी मी टेकडीवरच्या देवळात गेले. ध्यानाच्या दालनात दोन रांगा समोरासमोर बसलेल्या, मध्ये चालायला वाट. गेन्शो नावाचे भिक्षू सगळ्यांना नियम सांगत होते. माणूस आडदांड, गळ्यात आवाज मंजुळ. पाठ कशी ठेवायची, श्वास कसा मोजायचा, इथवर मी ऐकलं. पुढे त्यांनी हातातल्या लांब चपट्या काठीबद्दल काहीतरी सांगितलं, पण तेव्हा मी दुकानात होते. म्हणजे बसलेली इथेच होते, मनाने अझुकीखालची आच मंद करत होते.

घंटा वाजली. सगळं चिडीचूप. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि नजर जरा वर गेली तर अगदी समोर योने आजी!

पन्नास वर्षं त्या दर रविवारी इथे येत होत्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाळलेल्या प्लमसारखा बारीक चेहरा, अर्धे मिटलेले डोळे. तीन वेळा दार सरकलं होतं, आता मध्ये दारच नव्हतं. पण तोंड उघडायचं नाही. मग माफी मागायची कशी? मी हात जोडले आणि खोल वाकले.

त्याच क्षणी गेन्शो माझ्या समोरून चालले होते. ते थांबले. त्यांनीही वाकून नमस्कार केला, काठी उचलली आणि फाट, फाट! दोन डाव्या खांद्यावर, दोन उजव्या.

नंतर कळलं की मी न ऐकलेला नियम तोच होता. ज्याला झोप येते, ज्याचं मन पळतं, त्याने हात जोडून वाकायचं, म्हणजे भिक्षू काठी देतात. मागितल्याशिवाय देत नाहीत. तेव्हा मात्र मला वाटलं, ही शिक्षा आहे. चिठ्ठ्यांची गोष्ट देवळापर्यंत पोचलेली दिसते! बरं, मारून झाल्यावर त्यांनी पुन्हा वाकून नमस्कार केला. आता दुकानात पंचवीस वर्षं उभी राहिलेली बाई समोरच्याचा नमस्कार फुकट जाऊ देईल का? मी वाकले, त्यांच्याहून खाली. ते पावलाभरावरून परतले. फाट, फाट, फाट, फाट.

खांदे पेटले होते, पण मला आजी दिसत होत्या. त्यांचा एक डोळा आता उघडा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं! मी त्या एका डोळ्याला उद्देशून पुन्हा हात जोडले. गेन्शो तोवर रांगेच्या टोकाला पोचले होते. तिथून त्यांनी पाहिलं आणि लगबगीने आले. भक्ती असावी तर अशी, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. चौथ्या खेपेला त्यांना घाम फुटला. पाचव्या खेपेला त्यांनी काठी मारण्याआधी हलकेच विचारलं, "नक्की ना?" मला वाटलं, पश्चात्ताप नक्की ना असं विचारताहेत. मी मान हलवली.

तेवढ्यात समोरून बारीक चिर्र आवाज आला. योने आजींचे खांदे हलत होते. त्या रडत आहेत असं वाटून मी सहाव्यांदा हात जोडले.

घंटा वाजली तेव्हा मी चटईवरून उठूच शकत नव्हते. चहा वाटला जात होता. योने आजी काठी टेकत थेट माझ्यासमोर येऊन बसल्या. मी कपाळ चटईला लावलं. सगळी मंडळी चहा हातात धरून ऐकू लागली.

"अगं फुसाए," आजी म्हणाल्या, "आधी श्राद्धाचे मांजू पाठवलेस. आता समोर बसून मृताला जोडावेत तसे मला हात जोडतेस, तेही सहा वेळा. मी गेलेय की काय, ते एकदाचं सांगून टाक बाई."

मी रडतरडत सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, टेलिफोन, तीन वेळा दारातून परत फिरणं. आजींच्या भुवया वर गेल्या. मी आल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

"रागावेन कशाला? मांजू फार चांगले होते. घरातले सगळे हळहळत होते तोवर मी नऊ खाल्ले. पोट बिघडलं, डॉक्टर आले, तेव्हापासून सून गोडाला हात लावू देत नाही. मला वाटलं, तूच आमच्याकडे येणं सोडलंस." मग त्यांनी माझ्या खांद्याला हळूच बोट लावलं. मी कळवळले. "लाल-पांढरे राहिलेच माझे. पुढच्या रविवारी इकडेच आण. सुनेला मी सांगेन, देवाचा प्रसाद आहे म्हणून."

टेकडीवरून मी तरंगत उतरले. मन म्हणजे कसं, सकाळच्या तळ्यासारखं! मॅपलची पानं लाल झाली होती, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच ती मला दिसली. दुकानात शिरताच मी तोकुजींना सांगितलं की आता माझं चित्त ठिकाणावर आहे, यापुढे माझ्या हातून चूक व्हायची नाही.

तोकुजी पेल्यावरून माझ्या पायांकडे बघत होते.

"पायांत काय घातलंयस?"

मी खाली पाहिलं. हिरव्या प्लास्टिकच्या सपाता. त्यांवर मोठ्या काळ्या अक्षरांत देवळाचं नाव, आणि त्याखाली "शौचालय".

अख्ख्या बाजारपेठेतून मी त्या मिरवत आले होते. हातात धरून तशीच उलट पावली टेकडी चढले. गेन्शो अंगणात पानं झाडत होते. मी धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिले, सपाता काखेत मारल्या, आणि माफी मागायला हात जोडून खोल वाकले.

डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ते बिचारे एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा हातातल्या खराट्याकडे.