गळ्याच्या सहा ठिपक्यांची बखर

श्री. ज्याचे कीर्तनी वळचणीचे पांखरूंही चोंच मिटोन बैसते, त्या सांवळ्या धन्याचे पायीं मस्तक ठेवोन लिहिण्यास आरंभ केला. श्रोते सज्जनहो, पुढे सरकोन बैसा, भिंतीस टेकोन ऐकणाऱ्यास ही कथा पुरी लाभणार नाही. एका राज्याची हकीकत सांगतो, ज्यास उन्हाने, रोगाने आणि शेजाऱ्यांनी बहुत जर्जर केले, परंतु अखेरचा घाव पायांतील एका कड्याने घातला. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयींचे वर्तमान ऐसे जे:

एक राज्य होते, नांव लिहीत नाही. रयत म्हणजे बजी नामें पांखरे, ज्यांस बाजारांत सरसकट लव्हबर्ड म्हणतात आणि राज्यांतील लोक ते ऐकोन कानांवर हात ठेवीत. गच्च्या हेच गड, पांखरे पाळणारे तेच सरदार, आणि सालांतून एकदा मंगल कार्यालयांत दरबार भरे, त्यास प्रदर्शन म्हणत, आणि पंच हातीं छडी घेवोन पांखरांची परीक्षा करीत, आणि ज्याचे पांखरूं पहिले येई तो सरदार मांडवभर मिरवी. मग दिवस फिरले. उन्हाळे ऐसे तापले की अंडी खोक्यांत वाळोन गेली, आणि इमारतींच्या सभांनी ठराव केले की किलबिलीने झोप मोडते, आणि पिलांस ऐसा रोग आला की घरट्यांतून निघावयाचे दिवशीं पंखांची पिसे गळोन पडत. त्याहून मोठी चूक सरदारांची स्वतःची. डोके मोठे हवे, डोके मोठे हवे, ऐसे करोन घरच्या घरांत जोड्या लाविल्या, तों भिवयांची पिसे डोळ्यांवर आली, नरास मादी दिसेना, आणि अंडी फोल जाऊं लागली. एकेक गड रिता जाहला. तरुण कोणी येईना. अखेर घरे उरलीं मोजकीं, आणि त्यांचे मुख्य नारोपंत मेंडजोगे, निवृत्त मास्तर, पांखरांवर लेकरांपरी माया, परंतु नियमाचे कडक.

पंतांचे जिवलग इब्राहीमभाई मुजावर, घड्याळे दुरुस्त करणारे. आतां रिवाज ऐसा की बजीचे गळ्यावर काळे ठिपके सहा असावे, गोल आणि मोकळे, आणि जास्त उगवले ते दरबाराचे आदले दिवशीं चिमट्याने उपटावे. हे काम एकट्याचे नव्हे. एकाने पांखरूं मुठींत धरावे, दुसऱ्याने उपटावे. म्हणोन उभा जन्म पंत धरीत आणि इब्राहीमभाई उपटीत, आधी एकाचे पांखरूं, मग दुसऱ्याचे, आणि दुसरे दिवशीं दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होवोन मांडवांत उभे राहत. उपटते वेळीं इब्राहीमभाई सदा म्हणत, "पंत, श्वास धरा. तुमच्या फुंकरीनं पिसं हलतात." आणि पंत म्हणत, "मी श्वास धरतो, तुम्ही जीभ धरा."

त्या सालीं दरबारांत मृदुला काळोखे नामें एक मुलगी आली, नवी, पिंजरा ओढणीने झांकलेला, आंत हिरवी मादी, बाजारांतून घेतलेली, परंतु डोळा ऐसा लखलखीत की पंचही थबकले. पंतांनी पांखराचा पाय पाहिला. पाय मोकळा. राज्याचा नियम की पिलाचे पायीं पहिल्या आठवड्यांतच कडे चढवावे, मग बोटे जाड होतात आणि ते कडे जन्मांत चढत नाही, आणि कड्यावांचोन दरबारांत प्रवेश नाही.

पंत बोलिले, "बाळ, कडं नाही. घेता येणार नाही."

मुलगी म्हणाली, "काका, मग आता घालू या ना."

"आता नाही जात. वेळ गेली."

"म्हणजे हिला कधीच नाही?"

"नाही."

इब्राहीमभाई मधे पडोन बोलिले, "पंत, मांडवात आपणच म्हातारे म्हातारे बसलोय. पोरगी पक्षी घेऊन आली, पाय काय तपासता? बसू द्या कोपऱ्यात."

पंत म्हणाले, "एकाला सोडलं की नियम राहत नाही."

"आणि कोणीच आलं नाही तर नियम कोणाला लावणार? तुमच्या खुर्चीला?"

लोक हांसले. ते हसूं पंतांचे मनांस लागले. मुलगी पिंजरा झांकोन चालती जाहली, आणि इब्राहीमभाई आपलीं पांखरे उचलोन तिजमागे गेले, आणि दोघां मित्रांचे बोलणे तुटले.

मग दुसरे साल उजाडले. दरबाराचा आदला दिवस, पंतांनी आपला निळा नर काढिला आणि एकटेच बैसले. मनांत आले की हांक मारावी, घर दोन गल्ल्या पलीकडे, परंतु पाय उंबऱ्याबाहेर पडला नाही. एके हातीं पांखरूं, दुसरे हातीं चिमटा, डोळ्यांस मोतीबिंदू. नराने मान वळविली, पंतांचा श्वास त्याचे गळ्यास लागला, पिसे हलली, आणि चिमट्याने उपटला तो खरा ठिपका. उरले पांच. गेलेला ठिपका महिन्या-दीड महिन्याने उगवतो, दरबार तर उद्यांवर.

पंचांनी छडी गळ्यापाशीं नेली आणि मान हलविली. मागले खुर्चीवर इब्राहीमभाई पांखरावांचोन येवोन बैसले होते. उठोन जवळ आले, नर पाहिला, सर्व उमगले, आणि हळूच बोलिले, "पंत, हाक मारली असती तर आलो असतो." उत्तर पंतांचे जिभेवर आले होते. लोक पाहत होते, म्हणोन ते गिळिले. मग चैत्रांत उन्हाचा कहर जाहला, आणि इब्राहीमभाई दुकानांत बैसल्या जागीं ईश्वरास प्राप्त जाहले. गिळिलेले उत्तर पंतांपाशीं राहिले.

समाचारास गेले तेव्हां सून हमीदा त्यांस गच्चीवर घेवोन गेली. तेथे पिले कैसी, तर भिवया आंखूड, डोळे उघडे, पायीं इब्राहीमभाईंचे कडे, उडतां थकेनात. आणि कोपऱ्यांत एक हिरवी मादी, पाय मोकळा.

पंतांनी विचारिले, "ही ती का?"

हमीदा म्हणाली, "हो चाचा. ती मुलगी रडत देऊन गेली होती. अब्बा म्हणायचे, ही सगळ्यांची आजी. पंतांचा राग उतरला की त्यांना दाखवू."

पंत मुलीचा ठिकाणा घेवोन स्वतां तिचे दारीं गेले. मृदुला म्हणाली, "काका, नियम काय म्हणतो आता?"

"नियम मीच लिहिला होता. आता वाचता येत नाही. तू चल."

त्या सालीं दरबार भरला नाही. घरे उरलीं नाहीत, कार्यालय दुसऱ्यांचे लग्नास गेले. तरी मार्गशीर्षांत, दरबाराचा जो आदला दिवस असता, त्या दिवशीं पंतांनी इब्राहीमभाईंचे गच्चीवर हिरवे मादीची नात मुठींत धरिली आणि मृदुलेने चिमटा हातीं घेतला. कोणी सांगितले नाही, तरी पंतांनी श्वास धरिला. मुलीने नेमके उपटोन सांगितले, "सहा."

येणेप्रमाणे ते राज्य जाहले आणि गेले. श्रोतेहो, आतां उठाल, घरीं जाल. वाटेत कोणाचे गॅलरीतून बजीची किलबिल कानीं आली, तर त्या घड्याळवाल्या इब्राहीमभाईंची एकवार आठवण काढा, आणि कोणास हांक मारावयाची राहिली असेल तर तीही मारा.