निकाल सांगू नका

सोमवारी सकाळी जमीन मोजणी कार्यालयात पाय ठेवताच गुलाबने दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं, "कालच्या रेसचा निकाल मले संध्याकाळपर्यंत कोणीच सांगाचा नाई. हात जोडून सांगून राह्यलो."

हीच त्याची चूक झाली. तोवर जगात काल कुठे रेस झाली, हे त्या कार्यालयात कोणाच्या गावीही नव्हतं.

"कोणती रेस जी?" बडेबाबू लटारूभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. निवृत्तीला आठ महिने उरलेला हा माणूस सहसा दुपारच्या चहापर्यंत कशातच रस घेत नसे.

मग गुलाबला सगळंच सांगावं लागलं. अमेरिकेत दर मे महिन्यात पाचशे मैलांची मोटारींची शर्यत होते. गाड्यांची चाकं उघडी, वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर, आणि लांबट गोल रस्त्यावर दोनशे फेऱ्या. नऊ वर्षांपासून गुलाब एका पिवळ्या गाडीवाल्यासाठी जीव टाकत होता. तो गाडीवाला एकदाही जिंकला नव्हता. एका वर्षी शेवटच्या वळणावर त्याच्या गाडीतलं इंधन संपलं, तेव्हा गुलाब दोन दिवस नीट जेवला नव्हता. यंदा तो शेवटच्यांदा शर्यतीत उतरणार होता. आणि नेमका काल मेहुण्याच्या लग्नापायी गुलाब हेमलकशाच्या पुढच्या एका गावात होता, जिथे रेंजसाठी लोक टेकडीवर चढतात. आता मोबाइल बंद ठेवून, संध्याकाळी बल्लारपुरातल्या आपल्या घरी तो रेकॉर्डिंग बघणार होता.

"म्हणजे गाडी नुसती डावीकडंच वळते?" संगणकावरच्या नंदिनीने विचारलं.

"डावीकडंच."

"मंग जाते कुठी?"

"कुठीच नाई. फिरून तिथीच येते."

"आपल्या फाइलीसारखी," लटारूभाऊ म्हणाले. "नंदिनी, पाह्य बरं काय झालं ते."

नंदिनीची बोटं चालू लागली तसा गुलाब कानात बोटं घालून व्हरांड्यात पळाला. तो परत आला तेव्हा लटारूभाऊ पडद्यासमोरून उठत होते. चेहरा मयताहून आल्यासारखा.

"भाऊ, काही बोलू नका!"

"मी कुठी बोलून राह्यलो? पण गुलाब, माझ्या टेबलावरच्या त्या सहा फाइली घेऊन टाक ना. काम जास्त झालं का माझ्या तोंडावर ताबा राहत नाई."

गुलाबने मुकाट्याने सहा फाइली उचलल्या. थोड्या वेळाने नंदिनी स्वतःशीच गुणगुणू लागली, "पिवळी... पिवळी..." गुलाबने तिच्याही अकरा नोंदी करून दिल्या.

दुपारपर्यंत ही गोष्ट बाहेरच्या बाकावर पोचली. तिथे गिरजाबाई बसली होती. धानाच्या बांधीचा, म्हणजे आपल्या भातशेताचा, नकाशा मिळावा म्हणून ती चार महिने येत होती आणि दर वेळी तिला 'सापडत नाही' एवढंच ऐकायला मिळत होतं. ती उठली, गुलाबच्या खिडकीशी आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "साहेब, नकाशा भेटते, का सांगू पिवळ्या गाडीचं?"

चार महिने न सापडलेला नकाशा चार मिनिटांत सापडला.

तिच्या मागे आणखी सात जण लागले. पाच वाजता गुलाबच्या टेबलावर एकही कागद उरला नाही. टेबलाला मुळात हिरवा रंग आहे, हे त्याला नोकरीत पहिल्यांदाच दिसलं.

घरी पोचताच त्याने टीव्ही लावला. बायको पुनमने चहा आणला, तो तसाच निवला. एकशे नव्वदाव्या फेरीला पिवळी चौथी होती. एकशे पंच्याण्णवाव्याला दुसरी. एकशे नव्याण्णवाव्या फेरीत ती लाल गाडीला बाहेरून घासून पुढे निघाली आणि गुलाब पलंगावर उभा राहिला.

तेवढ्यात वावटळ आली आणि लाइट गेली.

"रेल्वे फाटकापाशी तारेवर झाड पडलं म्हणते," पुनम दारातून डोकावून म्हणाली. "उद्याशिवाय येत नाई."

गुलाबने मोबाइल सुरू केला. टॉवरही गेला होता. तो तसाच अनवाणी दोन गल्ल्या पलीकडे लटारूभाऊंच्या घरी धावला. भाऊ जेवायला बसले होते.

"भाऊ, सांगा! कोण जिंकलं?"

"सकाळी तर सांगू नका म्हणत होता."

"आता सांगा! पाया पडतो!"

लटारूभाऊंनी घास सावकाश गिळला. "मले का माहीत? नेट सकाळपासून बंद होतं. पडद्यावर नुसता एक गोळा गोल गोल फिरून राह्यला होता. मले वाटलं, हेच रेस."

"आन् मंग त्या सहा फाइली?"

"त्या झाल्या ना?" लटारूभाऊंनी काळजीने विचारलं.

गुलाबला रात्रभर डोळा लागला नाही. मंगळवारी सकाळीही टॉवर मेलेलाच होता. ऑफिसात वीज होती, पण नेट नव्हतं. खिडकीपाशी मात्र तीसेक माणसांची रांग. सगळ्यांत पुढे सोनीबाई, जंगलाकडच्या गावातून पहिल्या बसने आलेली. ती पाठ केल्यासारखी म्हणाली, "साहेब, माह्या वावराच्या मोजणीची तारीख द्या. नाईतर कोण जिंकलं ते सांगन मी!"

गुलाबने खिडकीचे गज धरले. "सांग! सांग माय, लवकर सांग!"

सोनीबाई दचकून मागे सरली. "मले का माहीत बाप्पा? गिरजाबाई म्हणे, असं म्हटलं का काम होते."

तेवढ्यात आतून नंदिनी ओरडली, "गुलाबभाऊ, नेट आलं! भेटला निकाल! सांगू?"

"थांब नंदिनी," लटारूभाऊंनी हात वर केला. "पयले त्या बाईची तारीख."

गुलाबने येत्या गुरुवारची तारीख लिहिली, शिक्का मारला आणि चिठ्ठी खिडकीतून बाहेर दिली.

"पिवळी," नंदिनी म्हणाली. "एका चाकाच्या फरकानं."

गुलाबच्या तोंडून जी आरोळी निघाली, तिने रांगेतली सगळी माणसं दोन पावलं मागे हटली. मग त्याने लटारूभाऊंना मिठी मारली, नंदिनीच्या टेबलाभोवती नाचला आणि डोळे पुसत मटकन खुर्चीत बसला.

सोनीबाईने हे सगळं गजांमधून नीट पाहून घेतलं. चिठ्ठी पदराला बांधली आणि रांगेकडे वळून म्हणाली, "साहेब देवमाणूस आहे. आपलं काम झालं का रडते बिचारा."