निमकरकाका, मुलीकडचे

निमकरकाकांनी आमच्या घरी मुली द्यायच्या आधी तीन वेळा घर बघितलं. पहिल्यांदा सकाळी, दुसऱ्यांदा संध्याकाळी आणि तिसऱ्यांदा मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दोन वाजता, आम्ही जेवून आडवे झालो होतो तेव्हा. दार उघडलं तर काका डोक्याला ओला रुमाल बांधून उभे. "झोपा, झोपा, मी फक्त भिंत बघून जातो," म्हणाले आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवून उभे राहिले. चांगले मिनिटभर. मग वाकून फरशीला हात लावला, कूलरची टाकी उघडून पाणी बघितलं आणि विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला उघडते?"

मुली म्हणजे पाच आठवड्यांच्या दोन गिनीपिग. दोघींचं मिळून वजन जेमतेम अर्धा किलो. माझं स्वतःचं लग्न एका भेटीत आणि दोन बटाटेवड्यांत ठरलं होतं. माझ्या वडिलांनी सासरची भिंत सोडा, संडासही बघितला नव्हता. त्यामुळे हे सगळं बघून मला हसू येत होतं आणि रागही. पण रेवाने, माझ्या दहा वर्षांच्या मुलीने, महिनाभर अन्नपाण्याशी असहकार पुकारला होता. म्हणून मी गप्प राहिले आणि चहा टाकला.

"वाईट वाटून घेऊ नका, शैलाबाई," काका म्हणाले, "आम्ही मुलीकडचे. आम्हाला विचारावंच लागतं."

हे त्यांचं पेटंट वाक्य. मुलीकडच्यांनी मान खाली घालून लाडवाचं ताट पुढे करायचं असतं, हा आपल्याकडचा रिवाज. काकांनी तो उलटा फिरवला होता. दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या डोक्यावर. ऑफिसात त्यांच्याइतका मवाळ माणूस नव्हता. साहेबाने चुकीच्या कागदावर सही मागितली तरी "बिल्कुल सर" म्हणून पेनचं टोपण काढायचे. पण गिनीपिगचं पिल्लू मागायला कोणी आलं की त्या माणसाचा कणा ताठ व्हायचा. दुपारी घरात कोण असतं? कोथिंबिरीच्या काड्या टाकता की ठेवता? घरात मांजर येतं का, आणि आलं तर कुठून? एका जॉइंट सेक्रेटरींना त्यांनी नकार दिला होता, बंगला पश्चिममुखी आहे म्हणून.

'गिनीपिग' हा शब्द त्यांना चालत नसे. "आमच्यात पिग कोणी नाही," म्हणायचे. सगळ्यांची नावं जुन्या वळणाची. आमच्या वाट्याला कुसुम आणि मालती आल्या. कुसुम तपकिरी आणि फटकळ, मालती पांढरी आणि गरीब गाय. काकांनी दोघींना आणताना बरोबर पाठवणीचं गाठोडं आणलं: सुकं गवत, पाण्याची बाटली, आवळ्याच्या फोडी आणि दोन पानी सूचना. या जिवांना आपल्यासारखंच व्हिटॅमिन सी बाहेरून घ्यावं लागतं, म्हणून रोज आवळा, पेरू नाहीतर शिमला मिरची. चाळीस डिग्रीत माणूस कुरकुरतो, या जीव सोडतात, म्हणून भिंत. आणि शेवटी लाल शाईत, खाली दोन रेघा मारून: बाळंतपण माहेरी.

यातला शेवटचा नियम कोणाला मोडता येत नसे. दोन वर्षांत काकांनी सात घरांशी सोयरीक केली होती आणि त्यातल्या ज्या मुलीला दिवस जात तिला टोपलीतून काकांकडे पोचवावं लागे. त्यांच्या क्वार्टरला दोनच खोल्या. त्यातली उत्तरेची, थंड, नव्या वाळ्याच्या कूलरची, ती बाळंतिणीची. काका स्वतः बाहेरच्या खोलीत, जिथे ऊन यायचं तिथे, एका कुरकुरणाऱ्या खाटेवर. पहिल्या बाळंतिणीला त्यांनी अळिवाची खीर केली होती म्हणे. तिने तोंड फिरवलं, तेव्हा तीन दिवस ती स्वतः खाल्ली. मग शोध लागला की शेपू मात्र दोघींनाही चालतो, बाळंत बाईला आणि हिलाही. तेव्हापासून काका भाजीवाल्याकडे रोज सोया, म्हणजे तिकडचा शेपू, मागायचे. भाजीवाला हाक मारायचा, "चूहे वाले अंकल, आज किसके यहाँ डिलीवरी है?" काका शांतपणे नाव सांगायचे.

बाळंतीण झाली की बरोबर आलेला जावई बाहेर. कारण या जातीत नवरा बाळंतपणाच्या दिवशीच पुन्हा गळ्यात पडतो. "लाज नाही हो जावयाला," काका सांगत, आणि त्याला महिनाभर स्वयंपाकघरातल्या खोक्यात ठेवत. पिल्लं जन्माला येतात तीच केस, दात आणि उघडे डोळे घेऊन. तासाभरात चालतात, दुसऱ्या दिवशी गवत कुरतडतात. तीन आठवड्यांनी मुलगे वेगळे काढायचे, नाहीतर नात्यागोत्याचा घोटाळा होतो. हे सगळं रेवा तासन्‌तास तिथे बसून शिकली. दिल्लीत वाढलेली ही माझी मुलगी मराठीत तीसच्या पुढे मोजू शकत नव्हती, पण 'डोहाळे', 'बाळंतविडा' आणि 'अंगावरचं दूध' हे शब्द तिच्या जिभेवर. शाळेत बाईंनी मराठी शब्द विचारले तेव्हा तिने हेच सांगितले. बाईंनी मला बोलावून घेतलं.

काकांची स्वतःची एक मुलगी होती, सुजाता. नोएडात दिलेली. आई नव्हती तिला, लग्नाच्या दोन वर्षं आधी गेली. नोएडा काही लांब नाही, पण सुजाता दिवाळीला नवरा आणि मुलाबरोबर तासभर यायची, चकली खायची आणि जायची. त्या वर्षी तिला दुसऱ्यांदा दिवस होते. हे काकांनीच जिन्यात सांगितलं होतं, खाली बघत, पेरूची पिशवी या हातातून त्या हातात घेत. बाळंतपण कुठे, असं मी सहज विचारलं. "तिकडेच," म्हणाले आणि किल्ली शोधायला लागले.

आता माझा गुन्हा सांगते. मार्च महिन्यात शेजारच्या ब्लॉकमधले चड्ढा चार दिवस लग्नाला गेले आणि त्यांचा बाजारातून आणलेला गिनीपिग, नाव टायगर, आमच्याकडे ठेवून गेले. त्याचा पिंजरा एवढासा. रेवाने त्याला मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. मी बघितलं आणि म्हटलं, चार दिवसांत काय होतंय. काकांच्या सूचनांत साफ लिहिलं होतं: पहिलं बाळंतपण सात महिन्यांच्या आत झालं तर ठीक, नंतर कमरेचं हाड घट्ट होतं, पिल्लाला वाट देत नाही, आई जाते. मालती-कुसुम तेव्हा अकरा महिन्यांच्या होत्या. कुसुमने टायगरचा कान चावून त्याला चार दिवस कोपऱ्यात बसवलं. मालती गरीब गाय.

एप्रिलअखेर मालती गोल दिसायला लागली. मी रेवाला सांगितलं, शिमला मिरची जास्त होतेय. खरं म्हणजे मला कळलं होतं. पण काकांना सांगायचं कोणत्या तोंडाने? आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. ऑफिसात मी सगळ्यांना स्पष्टवक्तेपणाचे धडे देते, आणि एका किलोभराच्या प्राण्यापायी मी काकांना चुकवून मागच्या जिन्याने जात होते.

मग एका शनिवारी सकाळी मालती पाठ वर करून बसली. डोळे अर्धे मिटलेले, थोड्या थोड्या वेळाने अंग आवळायची आणि काहीच व्हायचं नाही. रेवा म्हणाली, "आई, ये मर जाएगी क्या?" मी टोपली उचलली आणि खाली गेले.

काकांनी एकदा मालतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "किती महिने झाले हिला?"

"तेरा."

मला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी टॉवेल घेतला, मालतीला गुंडाळलं आणि ऑटो थांबवायला रस्त्यावर धावले. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

जनावरांचे डॉक्टर मुख्यतः कुत्र्यांचे होते. त्यांनी चाचपून बघितलं आणि सांगितलं, हाड अर्धं बोटभर उघडलंय. इंजेक्शन देतो, तासभर बघू. नाही झालं तर पोट उघडावं लागेल आणि मग काही सांगता येत नाही. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. एका बाजूला घोरणारा लॅब्राडॉर, दुसऱ्या बाजूला काका. रेवा घरी बाबांबरोबर रडत होती. मी काकांची माफी मागितली, मनापासून, आणि माझे डोळे भरून आले.

काका पंख्याकडे बघत म्हणाले, "शैला, तू तीन आठवडे बोलली नाहीस. मी चार वर्षं बोललो नाही."

एरवी ते मला 'शैलाबाई, तुम्ही' म्हणत.

सुजाताचं घर बघायला तेच गेले होते. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं चांगली. चहा प्यायले, "बिल्कुल, बिल्कुल" म्हणाले आणि परत आले. तिची खोली कुठली, हेसुद्धा विचारलं नाही. मुलीकडच्यांनी काय विचारायचं? पुढे तिला दिवस गेले तेव्हा त्यांनी उत्तरेची खोली रंगवून घेतली, कूलर आणला, शेजारणींकडून डिंकाचे लाडू शिकून घेतले आणि डबा घेऊन नोएडाला गेले. विहीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडे बाईमाणूस नाही, कोण करणार तिचं? "मी म्हटलं, बिल्कुल. बरोबर आहे तुमचं. डबा ठेवला आणि आलो. सुजाता आत होती. बाहेर आली नाही."

नातू झाल्यावर महिन्याभराने ऑफिसातल्या एकाची बदली झाली. जाताना तो दोन 'बहिणी' काकांकडे सोडून गेला. त्यातली एक भाऊ निघाली. बंद ठेवलेल्या, रंगवलेल्या त्या खोलीत पहिलं बाळंतपण झालं ते असं.

"आता हे दुसरं," काका म्हणाले. "आपल्यात पहिलं माहेरी, दुसरं सासरी. पहिलं सासरी झालं. मग दुसऱ्यावर माझा हक्क लागतो की नाही? कुठल्या नियमात बसतं ते? मला सापडत नाही."

मी केंद्र सरकारची नोकर. मला सापडला. "काका, न घेतलेली अर्जित रजा बुडत नाही. पुढच्या वर्षात जमा होते."

ते बाकावर माझ्याकडे वळले. "आणि बाईमाणूस?"

"डोक्यावर राहते तुमच्या. रोज पाटा-वरवंट्याचा आवाज येत नाही का?"

आतून डॉक्टरांनी हाक मारली. तीन पिल्लं होती. पहिलं मेलेलं, मागची दोन जिवंत, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची. मालती आडवी पडून एकाला चाटत होती. काकांनी बोट पुढे केलं, तर तिने तेही चाटलं. मेलेल्या पिल्लाला त्यांनी स्वतःच्या रुमालात गुंडाळलं आणि घरी येऊन रेवाच्या हातून क्वार्टरमागच्या कडुनिंबाखाली पुरलं. ते माझ्यामुळे गेलं, हे मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही नोएडाला गेलो. दुपारी दोन वाजता पोचलो, ती वेळ काकांनीच ठरवली होती. जाताना ऑटोत त्यांनी काय बोलायचं ते मला चार वेळा म्हणून दाखवलं. तिथे पोचल्यावर मात्र सोफ्याच्या टोकावर बसले. विहीणबाई भल्या बाई. गुडघे दुखत असून उठून उठून चिवडा वाढत होत्या. हवापाणी झालं, विजेचे हाल झाले, नातू मांडीवर बसून उतरला. सुजाता चहा ठेवून आत गेली. सातवा महिना, चेहरा घामेजलेला, पायावर सूज. काका कपाकडे बघून म्हणाले, "बिल्कुल, बिल्कुल." कशाला, ते त्यांचं त्यांना माहीत.

मी पायाने त्यांचा पाय दाबला. काही नाही. दुसऱ्यांदा जोरात दाबला.

काकांनी कप खाली ठेवला. खाकरले. आणि विहीणबाईंकडे न बघता, आमच्या घरी विचारलं होतं त्याच आवाजात विचारलं, "हिच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते?"

विहीणबाई गोंधळल्या. त्या काही बोलणार, तेवढ्यात आतल्या दारातून उत्तर आलं.

"पश्चिमेला, बाबा," सुजाता म्हणाली. "चार वर्षं पश्चिमेलाच उघडतेय."

काका उठले. तिच्या खोलीत गेले आणि भिंतीला तळहात टेकवला. मी दारातून बघत होते. मिनिट झालं, दोन झाली, हात निघेना. सुजाता त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"भिंत तापते," काका म्हणाले.

"तापते."

मग ते बाहेर आले आणि विहीणबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. मान मात्र ताठ होती. "हिला न्यायला आलोय," ते म्हणाले. "बाळंतपण माहेरी करीन म्हणतो. वर या शैलाबाई आहेत. आम्ही मुलीकडचे, आम्हाला विचारावंच लागतं."

विहीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा सुजाताकडे. "मग मागच्या वेळीच का नाही विचारलंत?" त्या म्हणाल्या. "न्या की. आणि ती वेताची खुर्चीही न्या, तिला पाठीला तीच लागते."

खुर्ची ऑटोत मावेना. काकांनी ती सरोजिनी नगरपर्यंत मांडीवर धरली.