आधी रगत, मग पत्रिका

लग्नाची पत्रिका छापायला कुठल्याही दुकानात जा, दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "किती छापायच्या?" आमचे बाळारामदादा विचारतात, "पोरापोरीचा रगत तपासला का?"

दादांचं दुकान उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आणि घर बदलापूरला खरवईत, आमच्या शेजारी. दुकान लहान, आवाज मोठा. रगत म्हटल्यावर गिऱ्हाईक बिचारं रक्तगट सांगायला लागतं. मग दादा चष्मा कपाळावर सरकवतात आणि एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी अशी एकेक नावं घेतात, तीही पत्रिकांचे नमुने दाखवतानाच्या सुरात. हा गणपतीवाला बघा, हा मोरपिसाचा बघा, आणि सिफिलिसची तपासणी करून या. हौसेनं आलेली मंडळी चहा यायच्या आत शेजारच्या सिंधी शेठच्या दुकानात जाऊन बसतात.

"अरे साईं, धंदा करो, डॉक्टरी मत करो," असं शेठ तोंडानं म्हणतात. दिवाळीला मिठाईचा सर्वांत मोठा डबा मात्र ते दादांनाच पाठवतात.

तसं पाहिलं तर चूक दादांचीच. आमच्या आगरी लोकांत लग्न जमवताना चौकशी काय कमी होते? मुलाचा सातबारा बघतो, जमीन बिल्डरला दिली असेल तर फ्लॅट कोणाच्या नावावर ते बघतो. पत्रिकेतले गुण जुळवतो. जुनी बाइक घेताना मेकॅनिकला सोबत नेतो, कलिंगड वाजवल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. राहता राहिलं रक्त, त्यासाठी 'घराणं चांगलं आहे' एवढं पुरतं. चांगलं घराणं दिसलं की जंतू दारातूनच नमस्कार करून परत फिरतात, हे डॉक्टर लोकांना अजून कळलेलं नाही.

एकदा मी दुकानात बसलो असताना सोनिवलीचं एक कुटुंब आलं होतं. दादांचा प्रश्न ऐकून मुलाच्या आईनं पदर सावरला. "आमच्या घरात असलं काही नसतं."

"असला म्हंजे कसला?" दादांनी शांतपणे विचारलं.

"माझा पोरगा सुपारीसुद्धा खात नाही."

"सुपारीनं होत नाय तो."

"धडधाकट आहे की. बघा ना."

"धडधाकटच दिसतो मानूस. लय वर्सा दिसतो. म्हनून तर तपासायचा," दादा म्हणाले. "सरकारी दवाखान्यात फुकट होतंय, नाव बाहेर जात नाय. रिपोर्ट मना दावायला नको. दोघांनी एकमेकांना दाखवा. सापडला तर औषीद हाय. लपवला तर कायपन नाय."

बाई उठल्या. शुभकार्यात अपशकुन केला म्हणाल्या. नवरदेव मोबाइलमध्ये असा काही शिरला होता की त्याला हाताला धरून न्यावं लागलं. पुढे शेठनं त्यांच्या पत्रिका छापल्या, फार सुंदर झाल्या.

दादा हळदीलाही गप्प बसत नसत. डीजेसमोर नाचणाऱ्या पोरांना मंडपाच्या कडेला घेऊन तोच विषय. त्यामुळे गावानं हळूहळू त्यांना बोलावणं सोडलं. उघडपणे नाही, आपण सभ्य माणसं. जे त्यांच्याकडे पत्रिका छापतात ते दुकानातच सांगून टाकतात, "तुम्हाला काय वेगळं आमंत्रण, तुम्ही तर घरचेच." घरच्या माणसाला टाळायला याहून चांगलं वाक्य मराठीत नाही.

यंदा माझ्या मुलाचं, रोशनचं लग्न ठरलं. शेजारधर्म म्हणून दादांकडेच जाणं भाग होतं. रोशनला सोबत घेतलं. ट्रेनमधून उतरल्यापासून मी उत्तराची तयारी करत होतो. विषय कसा टाळायचा, याचे दोन-तीन प्रकार मी ठरवून ठेवले होते.

दादांनी नमुन्यांचा अल्बम उघडला. "पोरापोरीचा रगत…"

"झालं काका," रोशन म्हणाला. "टेन्शन मत लो. मी आणि अंकिता, दोघं जाऊन आलो. रिपोर्ट पण एकमेकांना दाखवले."

मला ठसका लागला. पण दादांचं जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस हा प्रश्न विचारत होता आणि त्याला असं सरळ उत्तर कोणी दिलंच नव्हतं. अल्बम उलटा धरून ते पानं चाळत राहिले. मग चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"वनिताच्या पत्रिकेला मी मखमली कागद लावला होता," ते एकदम म्हणाले.

वनिता त्यांची मुलगी. लग्नानंतर काही वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली. तो काविळीनं गेला, असं गावात सांगितलं होतं आणि तसंच आम्ही मानून चाललो होतो.

"जावयाचा सगला इचारला. जमीन, नोकरी, दारू. यो इचारला नाय," दादा म्हणाले. "पोरगा वाईट नव्हता रे. त्यालापन ठाव नव्हता. शेवटी दवाखान्यात नेला तवा कळला. मंग वनिताचा तपासला. तिला एचआयव्ही निघाला. ती रोज गोली घेते, तुझ्या-माझ्यापेक्षा बरी हाय. त्याला येलेवर कळला असता तर तोपन आज हिथं असता."

काउंटरवर पाकिटांचे गठ्ठे होते, प्रत्येकाला लाल गोंडा बांधलेला. ते गोंडे वनिता घरी बसून बांधते, हे मला त्या दिवशी कळलं. गावातल्या कितीतरी लग्नांच्या पत्रिका तिच्या हातून गेल्या असतील. तिला हळदीला कोणी बोलावल्याचं मला आठवत नाही. मला फार वाईट वाटलं.

पत्रिका छापून झाल्यावर त्या न्यायला मी दुकानात गेलो. पहिली देवापुढे ठेवायची म्हणून बाजूला काढली. दुसऱ्या पाकिटावर मी वनिताचं नाव लिहिलं आणि तिथंच दादांसमोर धरलं.

त्यांनी नाव वाचलं. पाकीट घ्यायला हात पुढे केला आणि परत मागे घेतला.

"माझ्याकडं नको देऊ," ते म्हणाले. "वहिनीला घेऊन घरी ये. अक्षत लावून तिच्या हातात दे. आमच्या दारात पत्रिका घेऊन कोनतरी आलाय, तिला बघू दे."