घडीवरची भिंत

कोणतंही शहर आधी कागदावर वसतं आणि मग, जमलंच तर, जमिनीवर. जमिनीवरचं शहर ही कागदावरच्या शहराची नक्कल असते. चुका राहतात त्या नकलेत. मूळ प्रतीत राहत नाहीत. हे तत्त्व ज्याला कळलं त्याला नगरपालिका कळली. ज्याला कळलं नाही तो तिथे अर्ज घेऊन उभा असतो.

आमच्या शहराची मूळ प्रत नगररचना विभागाच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, एका खाकी लिफाफ्यात असते. शहर तसं ऐसपैस आहे. लिफाफा लहान आहे. (लिफाफ्यांची खरेदी नकाशाच्या आधी झाली, आणि ती पाच हजार नगांची होती. तेव्हा जुळवून नकाशानेच घ्यायचं ठरलं.) त्यामुळे नकाशाला सोळा पदरी घडी पडते. ती कशी घालावी याचं परिपत्रक आहे: प्रथम पूर्व पश्चिमेवर आणावी, मग उत्तर दक्षिणेवर, मग पुन्हा तेच, आणि शेवटी घडीवरून अंगठ्याचं नख दाबून फिरवावं. नकाशा-कारकुनांनी गेली बावीस वर्षं हे नख निष्ठेने फिरवलं आहे. दिवसाला सरासरी अकरा अर्ज धरले आणि सुट्ट्या वजा केल्या, तर साठ हजार पाचशे वेळा. इतकी झीज सोसून एखादी पायरीसुद्धा गुळगुळीत होते. तो तर कागद होता.

परिणामी शहराच्या मधोमध एक पांढरा पट्टा तयार झाला. त्या पट्ट्यात ना रस्ता, ना घर, ना गटार. (गटाराच्या बाबतीत नकाशा आणि जमीन यांचं एकमत आहे.)

आता शिंप्याकडे वळू.

बाजाराच्या मागच्या गल्लीत आठ बाय दहाचं त्याचं दुकान. वय एकसष्ट, चष्म्याचा नंबर विचारू नये असा. दार गल्लीत उघडतं, आणि गल्लीत ऊन दुपारी बारा ते सव्वाबारा हजेरी लावून जातं. पूर्वेच्या भिंतीपलीकडे मात्र एक मोकळी जागा आहे आणि तिथे उजेड दिवसभर नुसता लोळत पडलेला असतो. शिंप्याला सुईचं नाक दिसेनासं झालं, तेव्हापासून त्याची बायको रोज सकाळी वीस सुया ओवून गादीत टोचून ठेवते आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. विसावी सुई संपली की शिंपी दुकान बंद करतो. संध्याकाळ झालेली असो वा नसो.

"वीस सुयांचं पोट घेऊन बसलाय माझा नवरा," ती म्हणायची. "अहो, एक खिडकी पाडून घ्या. किती दिवस मी तुमचे डोळे डब्यात भरून देऊ?"

मी त्याचं जुनं गिऱ्हाईक. माझ्या दोन पँटींपैकी एकीचा डावा पाय दीड इंच आखूड आहे. त्या दिवशी ढग आले होते.

शिंपी कायद्याला मानणारा माणूस. छिन्नी-हातोडा घेण्याआधी तो अर्ज घेऊन गेला. नकाशा-कारकुनाने लिफाफ्यातून शहर बाहेर काढलं, टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले.

"कुठल्या भिंतीत म्हणालात?"

"पूर्वेच्या. दोन बाय तीनची खिडकी. फार नाही."

कारकुनाने भिंग फिरवलं. "दुकान आहे. दार आहे. पश्चिमेची भिंत आहे. पूर्वेची नाही, काका."

"नाही कशी? माझं कॅलेंडर टांगलंय तिला!"

"ते खालच्या भिंतीला. मी इथली सांगतोय. बघा, पांढरं आहे."

"बरं, भिंतच नाही तर उजेड यायला हवा की आत."

"ते विद्युत विभागाला विचारा."

शिंप्याने डोकं खाजवलं. "मग नसलेल्या भिंतीत खिडकी पाडायला परवानगी तरी कशाला?"

"लागते ना! नसलेल्या भिंतीत खिडकी म्हणजे नवं बांधकाम. आधी भिंत बांधायची परवानगी घ्या. ती मिळाली की तिच्यात खिडकी मागा. ओळीने जाऊ या."

या उत्तरात कुठेही खोट नाही. मी ते कागदावर मांडून पाहिलं आहे.

शिंप्याने भिंतीचा अर्ज केला. स्थळपाहणीला दोन निरीक्षक आले. त्यांना जागेवर भिंत आढळली. अर्ज मंजूर होण्यापूर्वीच भिंत उभी केल्याबद्दल शिंप्याला नोटीस लागली. भिंत त्याच्या वडिलांनी बांधल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा वडिलांना नोटीस काढावी का यावर विभागात विचार झाला आणि त्यांचा सध्याचा पत्ता मागवण्यात आला. शेवटी नगररचनाकार बाईंनी (या विभागाच्या प्रमुख, स्वभावाने अतिशय मायाळू, कोणाचीही फाईल दूर लोटायला त्यांचं मन होत नाही) मधला मार्ग काढला. भिंत नियमित करून घ्यावी, आणि खिडकीसाठी पुढीलप्रमाणे विकास शुल्क आगाऊ भरावं:

प्रकाशवाढ शुल्क, दर चौरस फुटाला. हवा आपसूक आत येत असल्याने वायुवीजन शुल्क. बाहेर पाहिलं जाण्याची शक्यता असल्याने दृश्य शुल्क. बाहेरच्याने आत पाहिलं जाण्याची शक्यता असल्याने तेच शुल्क उलट दिशेने. खिडकी बंद ठेवल्यास यातील काहीही परत मिळणार नाही.

"आणि पावसाळ्यात?" शिंप्याने विचारलं.

"पावसाळ्यात उजेड कमी असतो, खरंय," बाई आपुलकीने म्हणाल्या. "पण तेव्हा हवा जास्त असते."

याच सुमारास पूर्वेकडच्या मोकळ्या जागेचा अर्ज आला. अर्जदार बिल्डर. प्रस्ताव: चार मजले, खाली दुकानं. नकाशा पुन्हा पसरला गेला. जागा पांढऱ्या पट्ट्यात. रस्ता नाही, म्हणजे रस्त्यापासून अंतर सोडायला नको. शेजारी नाही, म्हणजे शेजाऱ्याची संमती नको. आरक्षण नाही, म्हणजे काही उठवायलाही नको. इतका निर्मळ प्रस्ताव विभागाने बावीस वर्षांत पाहिला नव्हता. नऊ दिवसांत मंजुरी. दहाव्या दिवशी पाया खणायला सुरुवात झाली.

ज्या पांढऱ्या पट्ट्यात दोन बाय तीनचं भोक मावत नव्हतं, त्यात चार मजले मावले. यात विसंगती शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की भोकाला भिंत लागते. इमारतीला नुसती जागा पुरते.

शिंप्याची बायको मात्र तत्त्वज्ञ नव्हती. ती नियमांचं पुस्तक वाचून आली. (शाळेच्या कपाटात होतं. पहिल्यांदाच उघडलं गेलं.) "इकडे बघा," तिने बोट ठेवलं. "मंजूर खिडकीसमोर दहा फूट मोकळी जागा सोडलीच पाहिजे. तुमची खिडकी आधी मंजूर झाली, तर त्याला दहा फूट मागे सरकावं लागेल. पळा!"

शर्यत सुरू झाली. एका बाजूला वीट चढायची, दुसऱ्या बाजूला फाईल. पायाला वीस दिवस लागले. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तेवढ्यात पोचली. पहिला स्लॅब पडला. फाईलला लाल दोरी लागली. दुसऱ्या स्लॅबच्या वेळी फाईलची लाल दोरी काढून पांढरी लावण्यात आली, ही प्रगतीच म्हणायची. शिंपी रोज सकाळी दहा सुया दुकानात वापरायचा आणि उरलेल्या दहा तशाच सोडून नगरपालिकेत जाऊन बसायचा. माझ्या दुसऱ्या पँटीचं माप त्याने तिथल्याच बाकावर घेतलं.

आणि एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, कारकुनाने घडीवरून नख फिरवलं आणि शहराचे दोन तुकडे झाले.

अर्धं शहर टेबलावर राहिलं, अर्धं खाली पडलं. विभागात बैठक भरली. नवा नकाशा काढायला नऊ वर्षं लागतात आणि जुना समोर असावा लागतो. डिंकाची तरतूद त्या वर्षापुरती संपली होती. शिल्लक होती ती एकाच मथळ्याखाली: "पडदे व खुर्च्यांची कापडं यांची किरकोळ शिलाई."

सगळ्यांच्या नजरा दाराबाहेरच्या बाकाकडे गेल्या.

"मी शिवून देतो," शिंपी म्हणाला. "पैसे नकोत. नकाशा नीट झाला की माझी भिंत दिसेल ना?"

"दिसायला हरकत नाही," कारकून म्हणाला.

बायकोने त्या दिवशी सुट्टी टाकली आणि चाळीस सुया ओवल्या. शिंप्याने शहराला आधी पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर लावलं. मग पूर्वेच्या अर्ध्यावर पश्चिमेचं अर्धं ठेवलं, कच्चा दोरा घातला, आणि सगळ्या विभागासमोर, खिडकीशेजारच्या टेबलावर (तिथे उजेड चांगला येतो) दोन दिवस बसून असा टाका घातला, की बाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ब्लाऊज शिवता का हो?"

काम देखणं झालं होतं. कुठे सुरकुती नाही, कुठे झोल नाही. एकच गोष्ट झाली होती. चाळीस वर्षांची सवय; हात डोक्याला विचारत नाही. शिवण उसवू नये म्हणून शिंप्याने दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घेतला होता.

नकाशावर एक इंच म्हणजे जमिनीवर शंभर फूट.

शहर शंभर फुटांनी अरुंद झालं. पांढरा पट्टा गेला, म्हणजे तक्रारीचं मूळच गेलं. त्याच्याबरोबर दोन्हीकडची थोडी लिहिलेली वस्तीही शिवणीत गेली: एकशेबारा घरं, एक पिठाची गिरणी आणि दोन दवाखाने. पट्ट्यावरची, बांधून होत आलेली चार मजली इमारतही गेली. आणि शिंप्याचं दुकान, जे काठावर होतं, ते थेट सार्वजनिक बागेला जाऊन टेकलं. (बाग खरी तिथून शंभर फुटांवर आहे. म्हणजे तिची पाटी आहे.)

बाईंनी नव्या शिवणीचा नकाशा उलगडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "काका, तुम्ही आधी का नाही सांगितलं? तुमची भिंत तर बागेला लागून आहे! बागेकडे खिडकी म्हणजे धोरणातच बसतं!"

सही झाली. अडीच वर्षांची फाईल चार मिनिटांत सुटली. फक्त उद्यानदर्शन शुल्क तेवढं वाढलं.

शिंपी मंजुरीचा कागद घेऊन पळत सुटला तो थेट चौथ्या मजल्याखाली. बिल्डर खुर्ची टाकून बसला होता.

"दहा फूट मागे व्हा! मंजूर खिडकी आहे!"

बिल्डरने कागद उलटसुलट पाहिला आणि अदबीने परत दिला. "एकदम बरोबर आहे, काका. बाईसाहेबांकडून एवढी नोटीस आणा. लगेच पाडतो."

शिंपी परत आला. कारकुनाने भिंग फिरवलं.

"इमारत? कुठे आहे इमारत? इथे बाग आहे."

"अहो, ती शिवणीत गेलीय. आत आहे. हात लावून बघा, जाड लागेल."

कारकुनाने हात लावला. जाड लागलं. "पण दिसत नाही ना. नसलेली इमारत पाडायची कशी? आधी ती बांधल्याचं सिद्ध करा. ओळीने जाऊ या."

"मग उसवतो मी! आणा इकडे, एक टाका ओढला की झालं."

कारकुनाने नकाशा छातीशी धरला. "शासकीय दस्तऐवज आहे, काका. हात लावू नका."

बायको बाकावरून उठली. तिने कारकुनाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. "कोणी सांगितलं होतं एवढी पक्की शिवण घालायला? सगळ्या गावाच्या शिवणी उसवतात, हीच तेवढी नाही!"

"कच्चं काम मला जमत नाही गं," शिंपी म्हणाला.

प्रशासनावर एकतर्फी टीका होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. सुधारित नकाशा रीतसर जाहीर करण्यात आला होता. हरकती व सूचनांसाठी पूर्ण तीस दिवसांची मुदत होती. नकाशा सूचना फलकावर लावला होता. फलक कार्यालयाच्या मुख्य दारामागे आहे, आणि कारभार खुला असल्यामुळे ते दार दिवसभर भिंतीला टेकवून उघडं ठेवलं जातं. तीस दिवसांत एकही हरकत आली नाही. त्या एकशेबारा घरांतूनही नाही. तुमच्याकडूनही नाही. (मी खास विचारून घेतलं.) तेव्हा सुधारित शहर सर्व नागरिकांना पसंत असल्याचा ठराव एकमताने संमत झाला. तुम्ही आता हसत असाल, तर तो ठराव तुमचाही आहे. आपलं घर शिवणीच्या कुठल्या बाजूला आहे हे जाणून घ्यायचं असल्यास कामाच्या वेळेत यावं आणि येताना घर असल्याचा पुरावा आणावा. घरपट्टीची काळजी नसावी. ती नकाशावरून नाही, जुन्या यादीवरून येते. ती येत राहील.

खिडकी पाडून झाली आहे. दोन बाय तीन, सागवानी चौकट. उघडली की वीतभर अंतरावर शेजारच्या इमारतीची गिलावा न केलेली भिंत दिसते.

शुल्कापायी झालेलं कर्ज फिटावं म्हणून बायको आता रोज तीस सुया ओवून देते.